उसनी वेळ : रेडिओ ऐकणाऱ्या घड्याळांचा इतिहास

लाखो वर्षांत एका सेकंदाचाही फरक पडणार नाही, अशा थाटात ज्या मनगटी घड्याळांची जाहिरात होते, ती घड्याळे स्वतः तितकी अचूक नसतात. त्यांच्या पोटात असते ते चारचौघांसारखेच क्वार्ट्झचे यंत्र. अचूकता असते शेकडो किलोमीटर दूर, एखाद्या माळावर किंवा डोंगरमाथ्यावर उभ्या असलेल्या मनोऱ्यात. घड्याळ ती रोज रात्री काही मिनिटांसाठी उसनी घेते. हा उसनवारीचा व्यवहार कसा सुरू झाला, त्यासाठी वीज कशी वाचवावी लागली आणि २०११ साली एका संध्याकाळी मनोराच मुका झाला तेव्हा काय घडले, त्याचा हा धागा.

आरंभ क्वार्ट्झपासून करावा लागतो. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने ‘ॲस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. आजच्या सर्वसाधारण क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या सहज म्हणून निवडलेली नाही. ती पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. पण स्फटिकाला ऊन-थंडी कळते. तापमान बदलले की त्याची लय किंचित ढळते आणि महिन्याकाठी दहा-पंधरा सेकंदांचा फरक साचतो. चावीच्या घड्याळांच्या मानाने ही अचूकता चैनीचीच होती. तरीही सहा महिन्यांत दीड मिनिट म्हणजे गाडी चुकण्याइतका वेळ.

दूरवरून वेळ कळवण्याची कल्पना मात्र क्वार्ट्झपेक्षा फार जुनी. ग्रीनिचच्या वेधशाळेवर १८३३ पासून रोज दुपारी एक वाजता मोठा गोळा खाली सोडला जाई आणि थेम्स नदीतल्या जहाजांवरचे खलाशी तो पाहून आपली घड्याळे लावीत. १९१० मध्ये पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून बिनतारी वेळसंकेत सुरू झाले. या साऱ्या व्यवस्थांत एक गोष्ट समान होती : संकेत पाहणारा किंवा ऐकणारा माणूस लागे आणि काटा फिरवणारे बोटही माणसाचेच. घड्याळाने स्वतःच ऐकावे आणि स्वतःच दुरुस्त व्हावे, हे अजून घडायचे होते.

ते घडवण्याची साधने जर्मनीत जमली. फ्रँकफुर्टच्या आग्नेयेस माइनफ्लिंगेन नावाचे गाव आहे. तेथून १९५९ पासून ‘डीसीएफ ७७’ या संकेतनामाने ७७.५ किलोहर्ट्झची लहर नियमित प्रसारित होऊ लागली. ही लाँगवेव्ह, अर्थात दीर्घलहर. हिची एक लांबी जवळपास चार किलोमीटर भरते. एवढी लांब लहर जमिनीच्या कडेकडेने पसरत जाते, टेकड्यांना वळसा घालते आणि घरांच्या भिंतींतूनही आत शिरते. एकाच ५० किलोवॅटच्या प्रक्षेपकाने सुमारे २,००० किलोमीटरपर्यंतचा युरोप व्यापतो, तो याच गुणामुळे. परंतु पहिली चौदा वर्षे या लहरीत दिनांक-वेळेची सांकेतिक माहिती नव्हतीच. प्रयोगशाळांना आपली उपकरणे जुळवून घेण्यासाठी एक प्रमाण कंपनसंख्या मिळत होती, इतकेच.

१९६७ मध्ये टेलिफंकन कंपनीतील वोल्फगांग हिल्बर्ग यांनी रेडिओने चालणाऱ्या अंकीय घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी सेकंदाची व्याख्याही पृथ्वीच्या गतीपासून सोडवून सीझियमच्या अणूला बांधण्यात आली : ९,१९,२६,३१,७७० कंपने म्हणजे एक सेकंद. पुढे १९७३ मध्ये माइनफ्लिंगेनच्या लहरीवर तारीख आणि वेळ चढवण्यात आली. मनोऱ्याजवळ अणुघड्याळे ठेवलेली असतात आणि त्यांच्यावर ब्राउनश्वाइग येथील राष्ट्रीय मापनसंस्थेची, ‘पीटीबी’ची, देखरेख असते.

वेळ चढवण्याची रीत इतकी साधी आहे की ती शाळकरी मुलालाही उलगडता यावी. प्रत्येक सेकंदाच्या आरंभी लहरीचा जोर क्षणभर उतरतो. उतार सेकंदाच्या दहाव्या भागाइतका असेल तर तो शून्य, पाचव्या भागाइतका असेल तर एक. समजा, घड्याळाला ३७ हा मिनिटांचा आकडा कळवायचा आहे. मिनिटांसाठी २१ ते २७ क्रमांकाचे सात सेकंद राखलेले असतात आणि त्यांची किंमत अनुक्रमे १, २, ४, ८, १०, २० आणि ४० अशी ठरलेली असते. सदतीस म्हणजे १, २, ४, १० आणि २०. तेवढे पाच उतार लांब, ८ आणि ४० चे दोन आखूड. त्यानंतरचा अठ्ठाविसावा सेकंद पडताळ्याचा : लांब उतारांची एकूण संख्या सम व्हावी म्हणून तो येथे लांब येतो. वाटेत विजेच्या कडकडाटाने एखादा ठोका बिघडला, तर हिशेब विषम होतो आणि घड्याळ ती माहिती टाकून देते. पुढे तास, दिनांक, वार, महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे. एकोणसाठाव्या सेकंदाला उतारच नसतो. ती शांतता म्हणजे नवे मिनिट उजाडण्याची खूण. प्रसारित होते ती नेहमी पुढच्या मिनिटाची वेळ, म्हणजे ऐकून होताच ती लागू करता येते.

सेकंदाला एक अक्षर! तार खात्याचा कारकूनही याहून भराभर बोलत असे. पण हा संथपणाच पुढे मनगटी घड्याळांच्या कामी आला. संथ संकेत पकडणाऱ्या यंत्राला लहरींचा अगदी अरुंद पट्टा ऐकावा लागतो, त्यामुळे गोंगाट गाळला जातो आणि वीजही थोडी लागते.

१९७८ मध्ये पश्चिम जर्मनीने वेळेचा कायदा केला आणि देशाची कायदेशीर वेळ ठरवून ती प्रसारित करण्याचे काम पीटीबीकडे सोपवले. १९८० मध्ये तेथे उन्हाळी वेळ आली. वर्षातून दोनदा सगळ्या देशाने घड्याळे तासभर पुढेमागे करायची. या बदलाची पूर्वसूचना देणारा एक ठोकाही संकेतात आहे. बदलाच्या आधीचा तासभर तो ‘एक’ असतो. त्यानुसार घड्याळ मध्यरात्रीनंतर आपोआप काटे फिरवून मोकळे होते, मालकाला विचारत नाही. येथे मुंबईची आठवण अपरिहार्य आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ पुढे कित्येक दशके सोडली नाही. काटा बोटाने फिरवायचा असतो तेव्हा तो न फिरवण्याचीही मुभा असते. रेडिओच्या घड्याळाने सोयीबरोबर ही मुभाही हळूच काढून घेतली.

या तंत्राला मनगटावर आणण्याचे श्रेय श्रामबर्गच्या युंगहान्स कंपनीचे. श्वार्त्सवाल्डच्या डोंगराळ मुलखात १८६१ साली स्थापन झालेल्या या कारखान्यात १९०३ मध्ये तीन हजारांहून अधिक कामगार होते आणि तो जगातला सर्वांत मोठा घड्याळ-कारखाना गणला जात होता. १९७० नंतर स्वस्त आणि अचूक आशियाई क्वार्ट्झ घड्याळांनी युरोपचे हे जुने कारखाने हादरवले. अचूकतेच्या स्पर्धेत क्वार्ट्झला मागे टाकायचे तर स्फटिक सुधारून भागणार नव्हते. पण आपल्याच देशाच्या आकाशात अणुघड्याळाची वेळ फुकट भरून राहिली होती आणि ती झेलण्याची सोय करणे शक्य होते.

टेबलावरच्या घड्याळात हे सोपे होते, कारण आत जागा असते आणि बॅटरीही मोठी मावते. मनगटावर तिन्ही बाजूंनी अडचण : अँटेना कोठे ठेवायचा, धातूच्या पेटीतून लहर आत कशी घ्यायची आणि गोळीएवढ्या सेलवर रेडिओ कसा चालवायचा. १९९० मध्ये युंगहान्सने ‘मेगा १’ हे पहिले रेडिओ-नियंत्रित मनगटी घड्याळ आणले, तेव्हा अँटेना चक्क पट्ट्यात बसवला होता. घड्याळाला रूप दिले होते ‘फ्रॉग डिझाइन’ या संस्थेने; ॲपलच्या संगणकांना १९८० च्या दशकात चेहरा देणारी तीच ही संस्था. १९९३ मध्ये जपानच्या सिटिझनने काट्यांचे घड्याळ आणले. ते जपान, जर्मनी आणि ब्रिटन अशा तीन देशांचे संकेत ऐके. त्याचा अँटेना तबकडीच्या ऐन मध्यावर आडवा बसलेला दिसे. सुंदर म्हणवत नाही, पण त्या काळच्या अडचणीचा तो प्रामाणिक पुरावा आहे.

विजेचा प्रश्न सुटला तो रेडिओ सुधारल्याने कमी आणि तो बंद ठेवल्याने अधिक. रोज एकदा वेळ जुळवली की पुरते. चोवीस तासांत क्वार्ट्झ फार तर अर्धा सेकंद ढळतो. म्हणून ग्राहक-यंत्र दिवसभर निजलेले असते आणि बहुधा मध्यरात्रीनंतर काही मिनिटे जागे होते. ती वेळही जाणून निवडलेली. रात्री दीर्घलहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून अधिक दूर पोहोचतात, घरातली विजेची उपकरणे बंद असतात आणि घड्याळ मनगटावरून उतरून खिडकीजवळ स्थिर पडलेले असते. ऐकताना पुष्कळ घड्याळे काटे थांबवतात, कारण काटे ढकलणाऱ्या इवल्या मोटारीचे चुंबकीय धक्के अँटेनाला बहिरे करतात. दोन-तीन मिनिटांचे संकेत एकमेकांशी जुळले तरच नवी वेळ स्वीकारायची. नाही जुळले, तर पुन्हा प्रयत्न, नाहीतर उद्याच्या रात्री.

काट्यांच्या घड्याळात सर्वाधिक वीज खाते ती ही मोटार. त्यामुळे सौर घड्याळांत आणखी एक युक्ती आली. घड्याळ कपाटात, अंधारात पडून राहिले की आधी सेकंदकाटा थांबतो, मग बाकीचेही. आत मोजणी मात्र चालूच असते. कित्येक महिन्यांनी कोणी कपाट उघडले की उजेड पडताच काटे धावत सुटतात आणि योग्य जागी येऊन उभे राहतात. अंकीय घड्याळे अशा वेळी नुसता पडदा कोरा करतात. १९९३ मध्ये युंगहान्सने ‘मेगा सोलर’ आणले आणि उजेडावर चालणारे, रेडिओवर जुळणारे घड्याळ ही जोडी जमली. सेल बदलायला नको, वेळ लावायला नको. धातूची पेटी असूनही ऐकणारी घड्याळे २००० नंतरच्या दशकात रुळली.

जपानने आपला दीर्घलहरींचा मनोरा जरा उशिरा, जून १९९९ मध्ये उभारला. फुकुशिमा प्रांतातील ओताकादोया डोंगरावर, ४० किलोहर्ट्झवर. ऑक्टोबर २००१ मध्ये दक्षिणेकडे क्यूशू बेटावरच्या हागाने डोंगरावर ६० किलोहर्ट्झचे दुसरे केंद्र आले. घरातली भिंतीवरची घड्याळेसुद्धा रेडिओची, अशी सवय देशाला लागली.

११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामी आली. दुसऱ्या दिवशी फुकुशिमा दाइइची अणुकेंद्राभोवतीचा वीस किलोमीटरचा परिसर रिकामा करण्याचा आदेश निघाला. ओताकादोयाचे केंद्र त्या वर्तुळात होते. कर्मचाऱ्यांना डोंगर सोडावा लागला आणि १२ मार्चच्या संध्याकाळी ४० किलोहर्ट्झची लहर थांबली.

त्या रात्री पूर्व जपानातल्या असंख्य घड्याळांनी नेहमीप्रमाणे कान टवकारले आणि त्यांना काहीच ऐकू आले नाही. घड्याळे थांबली नाहीत. दोन्ही लहरी जाणणाऱ्यांनी, जमेल तेथे, हागानेचा क्षीण आवाज पकडला. केवळ ४० किलोहर्ट्झ समजणारी जुनी घड्याळे पुन्हा साधी क्वार्ट्झ घड्याळे झाली आणि दिवसाला अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर ढळू लागली. अणूच्या वेळेमागे रोज कामावर येणारी माणसे असतात, हे फार थोड्यांना त्यापूर्वी जाणवले असेल. प्रक्षेपण २१ एप्रिलला पुन्हा सुरू झाले, म्हणजे जवळजवळ चाळीस दिवसांनी.

सगळीच संकटे भूकंपासारखी येत नाहीत. २०१८ मध्ये अमेरिकी शासनाच्या अंदाजपत्रकात फोर्ट कॉलिन्स आणि हवाई येथील वेळप्रसारण केंद्रे बंद करून खर्च वाचवण्याचा प्रस्ताव होता. तो अमलात आला नाही. उपग्रहांवरून वेळ घेणारी सौर घड्याळे २०११-१२ पासून बाजारात आहेत आणि ती पृथ्वीवर कोठेही चालतात. मात्र त्यांना उघडे आकाश लागते आणि प्रत्येक वेळी वीजही अधिक लागते. बंद खोलीत उशाशी पडलेल्या घड्याळापर्यंत मध्यरात्री पोहोचण्याचे काम दीर्घलहरच करू जाणे.

भारतात असा दीर्घलहरींचा मनोरा नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने ‘एटीए’ या संकेतनामाने अनेक वर्षे वेळ प्रसारित केली, पण ती १० मेगाहर्ट्झच्या लघुलहरीवर. ही मनगटी घड्याळे ती ऐकतच नाहीत. कॅसिओच्या घड्याळांवर २००८ पासून दिसणाऱ्या ‘मल्टी बँड ६’ या शब्दांतले सहा म्हणजे जपानचे दोन आणि चीन, अमेरिका, ब्रिटन, जर्मनी यांचे प्रत्येकी एक केंद्र. पुण्यात किंवा नागपुरात घेतलेले असे घड्याळ उजेडावर व्यवस्थित चालते, अंधारात नीट निजते आणि महिन्याला दहा-पंधरा सेकंद ढळते. तेच घड्याळ घालून कोणी फ्रँकफुर्टला उतरला आणि त्याने शहर बदलून ते रात्री खिडकीत ठेवले, की सकाळी ते सेकंदाला सेकंद जुळलेले असते.