सात सफरचंदांचा जमाखर्च

फळांच्या चित्राला तीन गोष्टी लागतात : फळं, सवड आणि दुसऱ्याचा पैसा. पहिल्या दोन चित्रकार कशाबशा जमवतो. तिसरीसाठी घरात एखादा बँकवाला असावा लागतो. मी बँकेत कारकुनी करतो म्हणून हे म्हणत नाही. इतिहासच तसा आहे.

फ्रान्समधल्या एक्स गावचे लुई-ऑगस्त सेझान टोप्यांचा धंदा करता करता बँकर झाले. (टोपी घालणं आणि बँक चालवणं यांचा काही संबंध नाही, हे बँकेच्या वतीनं आधीच सांगून टाकतो.) १८६१ साली त्यांनी चिरंजीव पॉल यांना आपल्याच बँकेत चिकटवलं. चिरंजीव वर्षभरात चित्रं काढायला पॅरिसला परत! वडील कुरकुरत दरमहा पैसे पाठवत राहिले. १८७४ साली इम्प्रेशनिस्टांच्या पहिल्या प्रदर्शनात पॉलचीही चित्रं लागली, आणि लोक पोट धरून हसले. पुढे पोरानं गुपचूप संसार थाटल्याचं कळलं, तेव्हा १८७८ साली वडिलांनी रक्कम कापली. त्याच सुमारास पोरानं वहीच्या पानाएवढ्या कॅनव्हासवर सात सफरचंदं रंगवली.

मार्च १९१८ मध्ये पॅरिसवर तोफगोळे पडत असताना ती लिलावात निघाली. घेतली कुणी? आम्हा बी.कॉम.वाल्यांची झोप उडवणाऱ्या केन्ससाहेबांनी. आणि घरी येताना सामान जड झालं, म्हणून वाटेवरच्या कुंपणात ठेवून दिली!

आपल्याकडे औंधला तर खुद्द राजाच चित्रकार. संस्थान तुकड्यातुकड्यांचं : औंध साताऱ्यात, आटपाडी-कुंडल आजच्या सांगलीत. त्यातला बराच मुलूख दुष्काळी. तरी बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली औंधला चित्र-शिल्पांचं संग्रहालय उभं केलं. तिथेच राहणारे पंडित सातवळेकर वेदाभ्यासक, पण हाडाचे चित्रकार. त्यांचे चिरंजीव माधवराव युरोपात चित्रकला शिकून आले आणि पुढे महाराष्ट्राचे कलासंचालक झाले. पोरांच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा घेणारं खातं ते हेच.

सध्या आमची कन्या इंटरमिजिएटला बसली आहे. स्थिरचित्राच्या सरावासाठी टेबलावर आटपाडीचं डाळिंब ठेवलंय आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नाही.

"अरे, सुकून चाललंय ते," आई म्हणते.

पुढे काय करणार, हे कन्येला मी अजून विचारलेलं नाही. कुरकुरत दर रविवारी नवं डाळिंब मात्र आणतो.