जयपूर ते दुबई : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

जयपूर आणि दुबई या दोन विमानतळांमधील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे २,०५० किलोमीटर आहे. थेट विमानाने या प्रवासास साधारणपणे तीन ते साडेतीन तास लागतात. राजस्थानातील सीकर, झुंझुनू, चुरू या जिल्ह्यांतून मोठ्या संख्येने लोक नोकरीनिमित्त आखाती देशांत जात असल्याने या मार्गाचे महत्त्व विशेष आहे.

घड्याळाचा फरक

तिकिटावरील वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात. दुबईचे घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे आहे. सकाळी १० वाजता जयपूरहून निघालेले विमान साडेतीन तासांनी दुबईस पोहोचले, तर तेथे दुपारचे १२ वाजलेले असतात. परतताना दुपारी २ वाजता निघून तीन तासांत जयपूर गाठले, तरी येथे सायंकाळचे साडेसहा झालेले असतात.

वाऱ्याचा परिणाम

हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वारे वाहतात. त्यांचा वेग अनेकदा ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक असतो. त्यामुळे दुबईकडे जाणाऱ्या विमानास अधिक वेळ लागतो, तर परतीचा प्रवास लवकर होतो.

हवाई हद्दीचा प्रश्न

जयपूर-दुबई हा सर्वांत जवळचा मार्ग पाकिस्तानातील सिंध व बलुचिस्तान प्रांतांवरून जातो. पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी आपली हवाई हद्द बंद केली. ती १६ जुलै २०१९ रोजी पूर्णपणे खुली झाली. पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय कंपन्यांच्या विमानांना ती पुन्हा बंद करण्यात आली. भारतानेही ३० एप्रिलपासून पाकिस्तानी विमानांना आपली हद्द बंद केली. या बंदीची मुदत पुढे वेळोवेळी वाढविण्यात आली.

अशा वेळी भारतीय विमानांना जयपूरहून नैर्ऋत्येस गुजरातकडे वळून अरबी समुद्रावरून जावे लागते. अहमदाबादमार्गे हे अंतर सुमारे २,३०० किलोमीटर भरते. म्हणजेच किमान अडीचशे किलोमीटर आणि सुमारे वीस मिनिटांची वाढ होते. इंधनाचा खर्चही त्याच प्रमाणात वाढतो. अन्य देशांच्या विमान कंपन्यांना ही बंदी लागू नव्हती.

मुंबईशी तुलना

मुंबई-दुबई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे, म्हणजे जयपूरपेक्षा केवळ १२० किलोमीटरने कमी. मात्र मुंबईहून निघालेले विमान थेट अरबी समुद्रावर जात असल्याने त्यास असा वळसा घ्यावा लागत नाही. दुबईहून पुढचे विमान पकडावयाचे असल्यास जयपूरच्या प्रवाशांनी केवळ अंतरावरून वेळेचा अंदाज न बांधता, तिकिटावरील वेळा पाहून दोन विमानांमध्ये पुरेसे अंतर ठेवणे हिताचे ठरते.