दोन कुबडांचा उंट

उंटाला कुबडं किती, हा प्रश्न वास्तविक प्राणिशास्त्राचा. लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या देहनादी आणि बोरनॅट ह्या जोडीने २००६ साली तो उंट कॉम्प्युटरच्या वर्गात आणून बांधला. त्यांचं म्हणणं असं, की प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या परीक्षेतल्या मार्कांचा आलेख काढा, दोन कुबडं दिसतील. एक हुशारांचं, एक ढ मंडळींचं. आणि कोण कुठल्या कुबडावर बसणार, हे शिकवायच्या आधीच सांगता येतं!

त्यासाठी त्यांनी एक चाचणी काढली. अ म्हणजे १०, ब म्हणजे २०. आता लिहिलं, अ = ब. तर दोघांकडे किती?

कॉम्प्युटरच्या मते दोघांकडे वीस-वीस. आता मला सांगा, ब-च्या खात्यातले वीस अ-ला गेले, तर ब-ची शिल्लक तेवढीच कशी? डेबिट कुठाय? आमच्या बँकेत अशी नोंद सापडली तर ऑडिटर आठवडाभर मुक्कामाला येतील. काही मुलं ब-ला सरळ शून्य करून मोकळी होतात. मला ही मुलं फार आवडली. कॉमर्सची असणार.

तपासणारे मात्र दिलदार. नियम चुकीचा चालेल, पण सगळ्या प्रश्नांना एकच लावा. तो लावणारा तरणार, दर प्रश्नाला नियम बदलणारा बुडणार. तो कागद म्हणजे नुसता मसुदा, पण जगभर फिरला. फिरणारच हो! मूल जन्मतःच ढ निघालं की शिकवणाऱ्याच्या नावावर काही येत नाही. भोगायचं पोराने. पहिल्या सत्रात गडगडलं, की ‘तुझ्या अंगातच नाही’ म्हणून दुसरी वाट धरायची.

२०१४ साली खुद्द बोरनॅटसाहेबांनी लेखी माघार घेतली. प्रोग्रॅमर ओळखायची चाचणी आम्हाला सापडलेली नाही, असा त्याचा मथितार्थ. उंट मात्र वर्गातून हलेना. मग २०१६ साली टोरोंटोच्या मंडळींनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या कॉम्प्युटरच्या वर्गांचे ७७८ निकाल मोजून पाहिले. एकाहून जास्त कुबडं निघाली फक्त ५.८ टक्क्यांत. बाकीचे आपले साधे निकाल, आपल्याकडे असतात तसे.

ह्याच मंडळींनी मग प्राध्यापकांना काही संदिग्ध आलेख दाखवले. प्रोग्रॅमिंग उपजतच असावं लागतं असं मानणाऱ्यांना त्यांत दोन कुबडं जास्त वेळा दिसली.