बॅड डे ॲट ब्लॅक रॉक
अमेरिकन चित्रपट (१९५५). दिग्दर्शक जॉन स्टर्जेस. काळ १९४५. चार वर्षांत आगगाडी न थांबलेल्या वाळवंटी आडगावात एका हाताने अधू मॅक्रीडी (स्पेन्सर ट्रेसी) उतरतो आणि कोमोको या जपानी शेतकऱ्याची चौकशी करतो. हॉटेलवाला खोली नाही म्हणतो. सारे गाव मिठाची गुळणी धरून बसते. कोमोकोच्या जळक्या घराजवळची रानफुले पाहून तिथे कुणाला तरी पुरले असावे, हे तो ताडतो. युद्धात कामी आलेल्या कोमोकोच्या मुलाचे पदक बापाला द्यायला मॅक्रीडी आलेला असतो. बापाचा जीव पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या रागात गावातल्यांनीच घेतलेला. खानावळीतली मारामारी गाजली, पण खरी दहशत खलनायक झालेल्या रॉबर्ट रायनच्या गोड बोलण्यात आहे. ट्रेसीला कान महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला.