पिटुनिया : कुंडीतल्या फुलाची दोनशे वर्षे

पावसाळा ओसरला की रोपवाटिकांमध्ये पिटुनियाची रोपे दिसू लागतात. कर्ण्याच्या आकाराची जांभळी, गुलाबी, पांढरी फुले थंडीभर कुंड्यांतून ओसंडत राहतात आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात रोप मान टाकते. शाळेच्या व्हरांड्यातही हे रोप हमखास असते, पण वर्गात त्याला प्रवेश नसतो. फूल शिकवायचे तर आपण जास्वंद किंवा धोतरा आणतो, आनुवंशिकता शिकवायची तर मेंडेलचा वाटाणा. पिटुनिया म्हणजे निव्वळ शोभा, असा आपला समज आहे. जीवविज्ञानाच्या इतिहासात मात्र या रोपाने दोन-तीनदा मोठी उलथापालथ केली आहे आणि ती कथा शिक्षकांच्या उपयोगाची आहे असे आम्हांला वाटते.

पिटुनिया मूळचे दक्षिण अमेरिकेतले. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमर्सन यांनी अठराव्या शतकात माँटेव्हिडिओजवळ त्याचा नमुना गोळा केला. पॅरिसमध्ये लामार्क यांनी १७९३ मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा त्याला चक्क तंबाखूच्या प्रजातीत बसवले. १८०३ मध्ये जुस्यू यांनी स्वतंत्र प्रजाती मानून ‘पिटुनिया’ हे नाव दिले. तेही ‘पेटुन’ या तंबाखूच्या स्थानिक नावावरून. हे नाते खरेच आहे. वांगे, टोमॅटो, बटाटा, मिरची, तंबाखू आणि धोतरा ज्या कुळातले, त्याच कुळातले हे रोप. पान बोटांत चोळून पाहा, तंबाखूच्या पानासारखेच चिकट लागते. पानावरच्या बारीक ग्रंथीयुक्त केसांमुळे हा चिकटपणा येतो.

कॉमर्सन यांना मिळालेली जात पांढऱ्या फुलांची होती. दुसरी, जांभळ्या फुलांची जात अर्जेंटिनात स्थायिक झालेले स्कॉटिश माळी जेम्स ट्वीडी यांनी ग्लासगोच्या वनस्पती उद्यानाकडे पाठवली आणि १८३१ च्या सुमारास ती तिथे फुलली. निसर्गात या दोघींचा संकर क्वचितच होतो. पांढरे फूल संध्याकाळनंतर सुगंध सोडते आणि लांब सोंडेचे पतंग त्याच्याकडे येतात. जांभळ्या फुलाकडे दिवसा मधमाश्या जातात. गिऱ्हाईकच निराळे, तेव्हा पराग एकमेकांपर्यंत पोचणार कसे? युरोपातल्या काचघरांत मात्र माळ्याच्या कुंचल्याने ते काम केले. १८३० नंतरच्या दशकातच संकरित पिटुनिया बाजारात आले. आपल्या कुंडीतले रोप या संकराचे वंशज आहे. म्हणून पांढऱ्या पिटुनियाचा वास एकदा दुपारी आणि एकदा दिवेलागणीला घेऊन पाहावा. फरक पुष्कळ वेळा स्पष्ट कळतो.

बागकामाच्या दृष्टीने पिटुनियाची मोठी अडचण म्हणजे त्याचे बी. एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० बिया असतात, म्हणजे धुळीचाच प्रकार. शिवाय रुजायला त्यांना प्रकाश लागतो. नेहमीच्या सवयीने वर मातीचा थर दिला की काही उगवत नाही आणि दोष बियाण्याला दिला जातो. पोयटा माती, बारीक वाळू आणि चाळलेले शेणखत समभाग घेऊन पसरट कुंडी भरावी, बी कोरड्या वाळूत मिसळून नुसते वर भुरभुरावे आणि कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून पाणी खालून चढू द्यावे. झारीने पाणी घातले तर बी वाहून एका कोपऱ्यात जमते. वर काच ठेवावी, वर्तमानपत्र नको. आठ-दहा दिवसांत हिरवा ठिपका दिसतो. महाराष्ट्रात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा पेरणीचा काळ चांगला. चार-पाच पाने आल्यावर रोपे हलवावीत, वीतभर होण्याआधी शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवेच. नत्रयुक्त खताचा मारा केला तर पानेच पाने होतात. सुकलेली फुले खुडत राहिल्यास फुलोरा टिकतो. आणि हो, तंबाखू किंवा विडी हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय रोपांना लावू नयेत. तंबाखूच्या पानातला केवडा रोगाचा विषाणू पिटुनियालाही होतो. नातेवाईकांचे आजार नातेवाइकांना, त्यातलाच प्रकार.

दुहेरी पाकळ्यांच्या पिटुनियाची गोष्ट खास मेंडेलच्या तासाला सांगण्यासारखी आहे. या फुलात पुंकेसरांच्या जागी पाकळ्या वाढतात आणि स्त्रीकेसर बहुधा बिघडलेला असतो. त्यामुळे त्याला बी धरणे कठीण, पण थोडे पराग मिळतात. मोठ्या फुलांच्या प्रकारात दुहेरीपणा हा प्रभावी गुण आहे. दुहेरी फुलाचे पराग साध्या फुलावर टाकले तर संततीत साधारण निम्मी रोपे दुहेरी निघत, उरलेली साधी. कोणते रोप कसे, हे फुले आल्यावरच कळे. १९३० च्या दशकात जपानच्या साकाता कंपनीने दुहेरीपणाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेली शुद्ध रोपे परागांसाठी वापरली आणि शंभर टक्के दुहेरी फुले देणारे बी विकायला काढले. १९३४ मध्ये या बियाण्याला अमेरिकेतला पुरस्कार मिळाला आणि ते वजनाला सोन्याहून महाग विकले गेले. पाकिटातल्या पहिल्या पिढीच्या संकरित रोपाचे बोंड राखून ते बी मुलांकडून पेरून घ्यावे. रंगांची आणि आकारांची कशी फाटाफूट होते, ते मोजण्यासारखे असते.

नारिंगी रंग मात्र संकराने सहजी साधेना. पिटुनियातले एक विकर नारिंगी रंगद्रव्याच्या कच्च्या मालाला हातच लावत नाही. जर्मनीत कोलोन येथील माक्स प्लांक संस्थेत मक्यातले तेच काम करणारे जनुक पिटुनियात घातले गेले आणि १९८७ मध्ये विटकरी-नारिंगी पिटुनियाची वार्ता प्रसिद्ध झाली. १९९० मध्ये अशी सुमारे ३०,००० रोपे उघड्या शेतात लावली. उन्हाळा तापला तशी अनेक रोपांची फुले फिकी पडली. बाहेरून आलेले जनुक जागेवरच होते, पण पेशीने त्याच्यावर रासायनिक खुणा करून त्याचे तोंड बंद केले होते.

याहून विलक्षण घटना त्याच वर्षी अमेरिकेतून प्रसिद्ध झाली. रिचर्ड जॉर्गेन्सन, कॅरोलिन नॅपोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जांभळ्या पिटुनियाचा रंग गडद करायचा होता. रंगद्रव्य बनवण्याची सुरुवातीची पायरी चॅल्कोन सिंथेज हे विकर करते. त्याच्या जनुकाची जादा प्रत घातली तर विकर जास्त बनेल आणि रंग गडद होईल, हा हिशेब सरळ होता. प्रत्यक्षात ४२ टक्के रोपांना पांढरी किंवा पांढऱ्या-जांभळ्या नक्षीची फुले आली! नवे जनुक गप्प बसलेच, पण रोपाचे मूळचे जनुकही गप्प झाले. अॅमस्टरडॅममधील गटालाही त्याच वर्षी असेच आढळले.

इथे जरा थांबू. प्रयोगवहीत अपेक्षेविरुद्ध उत्तर आले की आपण विद्यार्थ्याला काय सांगतो? बहुतेक वेळा ‘चुकले, शेजाऱ्याचे बघ’. या मंडळींनी पांढरी रोपे कचऱ्यात टाकली नाहीत. त्या जनुकाचा निरोप नेणारे आरएनए पाकळ्यांत किती आहे ते त्यांनी मोजले. ते सुमारे पन्नास पटींनी घटले होते. काही फांद्यांवर पुढे पुन्हा जांभळी फुले आली, म्हणजे जनुक नष्ट झालेले नव्हते. या प्रकाराला त्यांनी ‘सह-दमन’ असे वर्णनात्मक नाव दिले. कारण तेव्हा सापडले नाही.

ते हळूहळू उलगडले. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म गोलकृमीत दाखवून दिले की दुपदरी आरएनए पेशीत शिरले की त्याच्याशी जुळणारा निरोप नष्ट होतो. दुसऱ्याच वर्षी वनस्पतींमध्ये या कामातले आखूड आरएनए तुकडे सापडले. पेशी दुपदरी आरएनए कापते आणि ते तुकडे नमुना म्हणून वापरून तसाच मजकूर असलेले सगळे आरएनए फाडून टाकते. विषाणूंपासून बचावाची ही वनस्पतींची जुनी युक्ती आहे. जादा जनुकाने नेमकी तीच जागी केली होती. फायर आणि मेलो यांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पिटुनियावाल्यांना मिळाले नाही, याची आम्हांला थोडी चुटपुट आहे. या यंत्रणेवर आधारलेली औषधे २०१८ पासून वापरात आली आहेत.

नारिंगी पिटुनियाचे एक शेपूट राहिले. २०१५ मध्ये हेलसिंकी रेल्वे स्टेशनजवळच्या कुंडीत वनस्पतिशास्त्रज्ञ तीमू तीरी यांना नारिंगी पिटुनिया दिसला. त्यांना कोलोनचा प्रयोग आठवला, त्यांनी नमुना नेऊन तपासला, तर मक्याचे जनुक हजर! परवानगी नसलेली ही फुले युरोप-अमेरिकेच्या बाजारात कितीतरी दिवस विकली जात होती. २०१७ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर मागे घेऊन नष्ट करण्यात आली. धोका आढळला नव्हता, प्रश्न कायद्याचा होता. २०२१ मध्ये अमेरिकेने त्यांच्यावरचे निर्बंध उठवले.

जनुक गप्प होण्याचा प्रकार पाहायला प्रयोगशाळाच हवी असे नाही. पाकळ्यांवर पांढऱ्या पट्ट्यांची चांदणी असलेले ‘स्टार’ पिटुनिया रोपवाटिकेत मिळतात. त्यांच्या पट्ट्यांत चॅल्कोन सिंथेजचा निरोप याच पद्धतीने, पण निसर्गतः, फाडला जातो. हवामानाप्रमाणे पट्टे रुंद-अरुंद होतात. एका रोपाची डिसेंबरातली आणि मार्चमधली दहा-दहा फुले घेऊन मुलांनी पट्ट्यांची रुंदी मोजावी आणि त्या दिवसांचे तापमान शेजारी लिहून ठेवावे.