फुकटचं ऐकणं

फुकट मिळालेला सल्ला, फुकट मिळालेला नाटकाचा पास आणि रेडिओ, या तीन गोष्टींची किंमत मध्यमवर्गीय माणसानं कधी केली नाही. सल्ला तो ऐकत नाही, नाटकाला नावं ठेवतो आणि रेडिओ लावून दाढी करतो. आमच्या वाड्यात घड्याळ बंद पडलं तरी कुणाचं अडत नसे. बातम्या लागल्या की आंघोळ, भक्तिगीतं संपली की दूध, 'वनिता मंडळ' सुरू झालं की पुरुषांनी घराबाहेर व्हावं, असा शिरस्ताच होता. मात्र रेडिओ खरखरला की सारा वाडा हवालदिल! जो तो येऊन त्याच्या डोक्यावर एक टप्पल मारून जाई. गंमत म्हणजे पुष्कळदा त्यानं तो सुधारेही.

आता हा रेडिओ फुकट होता, असं आजच्या पोरांना वाटतं. पण तसं काही नव्हतं. बंदुकीला लागतो तसा रेडिओलाही परवाना लागे. पोस्टात जाऊन वर्षाचे पंधरा रुपये भरायचे आणि पुस्तिकेवर शिक्का मारून आणायचा. आमचे आजोबा ती पुस्तिका जन्मपत्रिका आणि रेशनकार्डाबरोबर एकाच पत्र्याच्या डब्यात ठेवीत. शेजारपाजारी सगळेच काही इतके पापभीरू नव्हते. परवाना तपासायला माणूस आलाय, अशी आवई उठली की वाड्यातले निम्मे रेडिओ एकाएकी आजारी पडत. त्यांच्यावर विणलेली टोपडी चढत आणि "अहो, तो बंदच आहे, मुलांनी नुसता शोभेला ठेवलाय," असं ठेवणीतल्या आवाजात सांगितलं जाई. १९८०च्या दशकात हे परवाने टप्प्याटप्प्यानं गेले आणि वाड्यातले सगळे आजारी रेडिओ खडखडीत बरे झाले.

परवाना बुडवण्याची ही कला मात्र फार जुनी. तिनं एकदा अख्खी कंपनी बुडवायला हातभार लावला होता.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचं. कंपनी खासगी होती. परवान्याची फी वर्षाला दहा रुपये, त्यातले आठ कंपनीचे आणि दोन सरकारचे. हिशेब कागदावर झकास होता. कागदावरचे हिशेब झकासच असतात. लग्नाच्या खर्चाची पहिली यादी आठवा! १९२९ च्या अखेरीस साऱ्या हिंदुस्थानात परवाने होते पावणेआठ हजारांच्या घरात. गुणा आठानं. बासष्ट हजार रुपये! तेवढ्यात दोन केंद्रं, यंत्रं, गवई, वादक, निवेदक असा सगळा बारदाना चालवायचा. ऐकणारे याहून जास्त होते, पण त्यांतले बरेचसे आमच्या वाड्यातल्यासारखे. मार्च १९३० मध्ये कंपनीनं दिवाळं काढलं.

एप्रिलमध्ये सरकारनं ते ओझं खांद्यावर घेतलं, तेही दोन वर्षं बघू या म्हणून. आजारी नातेवाईक घरी आणताना आपण म्हणतो ना, "बघू या चार दिवस," तसंच. पुढे जगभर मंदी आली, तिजोरीत खडखडाट झाला आणि काटकसरीची कात्री निघाली. कात्रीला मऊ जागा लवकर सापडते. १० ऑक्टोबर १९३१ रोजी सरकारनं जाहीर केलं की रेडिओ बंद!

आणि मग एक मजा झाली. ज्यांनी महागामोलाचे संच घेतले होते ते ओरडले, ज्यांच्या दुकानात संच पडून होते ते त्याहून मोठ्यानं ओरडले. ओरड इतकी झाली की २३ नोव्हेंबरला, म्हणजे दीड महिन्याच्या आत, इंग्रज सरकारनं तो निर्णय मागे घेतला. त्या काळात सरकारनं काही मागे घेणं ही केवढी गोष्ट! मे १९३२ मध्ये रेडिओ कायम चालवायचं ठरलं. पैसा कुठून आणला? बाहेरून येणाऱ्या संचांवरची जकात पन्नास टक्के केली. डिसेंबर १९३२ मध्ये बीबीसीनं साम्राज्यातल्या लोकांसाठी लघुलहरींवर कार्यक्रम सुरू केले. इथल्या साहेबांना घरबसल्या लंडन ऐकू येऊ लागलं, संच खपू लागले, परवाने वाढले आणि तोट्याचं खातं सावरलं. जून १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. जे पोर पाचेक वर्षांपूर्वी रस्त्यावर सोडायला निघाले होते, त्याचं हे थाटाचं बारसं.

आता कुणी म्हणेल, एवढी उस्तवार कशाला? ज्याला गाणी ऐकायचीत त्यानं पैसे मोजावेत, जाहिरातदारांनी द्यावेत, सरकारचं काय अडलंय? माझ्या परिचयाचे एक व्यापारी गृहस्थ नेहमी हे विचारतात. मी त्यांना एकच प्रश्न उलट विचारतो. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांची गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत, आठवड्याला एक नवं गाणं, एकूण छप्पन्न. वर्षभराची ही उधारी कुठल्या साबणवाल्यानं केली असती? पहिल्याच आठवड्याला तो म्हणाला असता, "कवीसाहेब, छप्पन्न फार होतात. बारात बसवा. आणि वनवास जरा आटोपता घ्या!"

अर्थात सरकारच्या पैशानं चालणाऱ्या घरात सरकारची मर्जीही सांभाळावी लागते. ज्याच्या हाती ससा तो पारधी. १९५२ मध्ये आपलेच बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि लोकांची अभिरुची सुधारावी म्हणून त्यांनी चित्रपटगीतांना दार बंद केलं. लोकांनी अभिरुची सुधारली नाही, स्टेशन बदललं. सगळा देश रेडिओ सिलोन लावून बसला. शेवटी १९५७ मध्ये आपल्याकडे विविध भारती सुरू करावी लागली आणि १९६७ मध्ये मुंबई, पुणे, नागपूरला तिच्यावर जाहिरातीही आल्या. हा झाला हसण्यावारी नेण्याचा भाग. आणीबाणीत मात्र हसू गेलं. बातम्या म्हणजे सरकारचं कौतुक, आणि १९७६ मध्ये किशोरकुमारची गाणीसुद्धा आकाशवाणीवरून गायब! गळा त्याचा, पण दाबायला सरकारी हात.

म्हणून पुढे वर्गीज समिती नेमली गेली. तिनं १९७८ मध्ये सांगितलं की हे सारं स्वतंत्र संस्थेकडे द्या. १९९० मध्ये प्रसार भारतीचा कायदा झाला आणि अमलात आला १९९७ मध्ये. सात वर्षं! आमच्या वाड्याच्या गळक्या छपराची मंजुरीसुद्धा याहून लवकर आली होती. पण वेगळी चूल मांडली तरी शिधा अजून थोरल्या घरूनच येतो. नोकरांच्या पगाराला मुख्य आधार सरकारी अनुदानाचाच. ज्या दिवशी हिशेबनीस विचारतो, "याचा उपयोग काय?" त्या दिवशी १९३१ सालातली कात्री पुन्हा वाजू लागते.

आणि ती वाजते. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला न्यायचा हुकूम निघाला. पुणेकरांना सात दहाच्या बातम्या म्हणजे चहाइतक्याच गरजेच्या. ओरड झाली, आणि हुकुमाला स्थगिती मिळाली. ब्याण्णव वर्षांनी तोच प्रयोग, फक्त पात्रं नवी. त्यात आणखी एक गोष्ट विसरू नये. आपल्याकडच्या खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही. फार तर आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावायच्या. म्हणजे हे एक खातं आटलं, तर रेडिओवर गाणी उरतील, थट्टा उरेल, जाहिराती तर उरतीलच, पण कांद्याला भाव काय, हे बातम्यांत सांगणारं कुणी उरणार नाही. कांदा पिकवणाऱ्याला थट्टेचा काय उपयोग?

असून अडचण, नसून खोळंबा, अशी ही सरकारी नभोवाणी. ती कंटाळवाणी वाटते, कधी मिंधी वाटते, आणि तिच्यावर ओरडायला आपल्याला आवडतंही. खुशाल ओरडावं. आजवर ती दोनदा तरी वाचली ती ओरडण्यामुळेच. फक्त ओरडताना एवढं पाहावं की आपण ती सुधारावी म्हणून ओरडतोय, की बंद व्हावी म्हणून. दिल्लीत बसलेल्या हिशेबनिसाला लांबून दोन्ही आवाज सारखेच ऐकू येतात.