पाऊण गुंठ्यातला खेळ आणि पगारी खेळाडूंचा इतिहास



आपल्या पळस्प्याच्या आजूबाजूला जे टॉवर उभे राहतायत, त्यांच्या जाहिरातींमध्ये स्विमिंग पूल, जिम आणि स्क्वॉश कोर्ट हे शब्द हल्ली दिसतातच. गावातल्या दहा जणांना विचारा स्क्वॉश म्हणजे काय, तर निम्मे तरी सरबताची बाटली सांगतील. त्यांचं काही चुकत नाही. हा खेळ आपल्याकडे कायम गेटच्या आतच राहिला. पण त्या गेटच्या आत पोटासाठी खेळलेल्या माणसांचा एक इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या मुंबईत आणि रायगडात घडलाय.

आधी खेळ समजून घेऊ. चार भिंतींची एक खोली, दोन खेळाडू, दोन रॅकेट, रबराचा एक छोटा चेंडू. चेंडू समोरच्या भिंतीवर मारायचा, समोरच्याने तो दुसरा टप्पा पडायच्या आत परत मारायचा. खोली ३२ फूट लांब, २१ फूट रुंद. म्हणजे ६७२ चौरस फूट, पाऊण गुंठ्यापेक्षाही कमी जागा. आपल्या भागात गुंठ्याचा हिशोब कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

इंग्लंडच्या हॅरो शाळेत जन्मलेला हा खेळ इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर आपल्याकडे आला. छावण्यांमध्ये, जिमखान्यांमध्ये कोर्टं बांधली गेली. साहेब संध्याकाळी खेळायचा. त्याला जोडीला खेळवायला, शिकवायला आणि गुण मोजायला एक पगारी माणूस ठेवलेला असायचा. त्याला मार्कर म्हणत. गंमत बघा, त्या क्लबात सगळ्यात चांगला खेळायचा तो मार्कर, पण तो क्लबाचा मेंबर नसायचा. मेंबर खेळले की ते हौशी, आणि मार्कर खेळला की तो प्रोफेशनल, म्हणजे नोकर. हौशी लोकांच्या स्पर्धांमध्ये त्याला प्रवेश नव्हता. स्क्वॉशमधला हा भेद अधिकृतपणे संपला तो थेट १९८० साली.

असाच एक प्रोफेशनल म्हणजे मुंबईचा अब्दुल बारी. १९४४ मध्ये मुंबईत अखिल भारतीय स्पर्धा झाली. ती जिंकली पेशावरच्या हाशिम खानने. हाशिमचे वडील तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या क्लबात कामाला होते आणि हा लहानपणी कोर्टाबाहेर गेलेले चेंडू आणून द्यायचा. त्यातूनच शिकला. १९४५ आणि १९४६ लाही तोच जिंकला. मुंबईत त्याने बारीला हरवलं ते एकदाच नव्हे.

मग फाळणी झाली. हाशिम पाकिस्तानात राहिला, बारीने भारतात राहायचं ठरवलं. १९५० मध्ये बारी ब्रिटिश ओपन खेळायला इंग्लंडला गेला. ही त्या काळची जगातली सगळ्यात मानाची स्पर्धा. तिथे तो थेट अंतिम फेरीत पोचला आणि इजिप्तच्या महमूद करीमकडून हरला. जगात दुसरा! आज मुंबईत किती जणांना हे नाव माहीत आहे?

ही बातमी पेशावरला पोचली. ज्याला आपण हरवत होतो तो जगात दुसरा आला, मग आपण का नाही, असं हाशिमच्या मनात आलं. त्याने खटपट केली, पाकिस्तानच्या हवाई दलाने त्याच्या जाण्याची सोय केली. १९५१ मध्ये पस्तिशी उलटलेल्या या माणसाने त्याच करीमला हरवून ब्रिटिश ओपन जिंकली. एकूण सात वेळा जिंकली. त्याच्यामागून भाऊ आझम आला, नात्यातले इतर आले, पुढे जहांगीर खानने सलग दहा वेळा तीच स्पर्धा घेतली. पाकिस्तानने स्क्वॉशवर जे राज्य केलं, त्याची ठिणगी मुंबईच्या एका पगारी खेळाडूने टाकली होती.

आपल्याकडे मात्र बारीनंतर तशी रांग लागली नाही. खेळ मेंबरांच्या मुलांपुरताच राहिला.

आता जवळचं सांगतो. फाट्यावरून जुन्या पुणे हायवेने निघा, शेडुंग, चौक मागे टाका. पुढे खालापूर तालुक्यात कलोते गाव लागतं. तिथे ऋत्विक भट्टाचार्यने स्क्वॉशची अकादमी उभी केली. ऋत्विक म्हणजे अनेकदा राष्ट्रीय विजेता झालेला आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या पन्नासांत गेलेला खेळाडू. पूर्णवेळ व्यावसायिक सर्किटवर उतरलेल्या पहिल्या भारतीयांपैकी एक. त्याने अकादमीसाठी शहरातला क्लब न धरता आपल्या जिल्ह्यातलं खेडं निवडलं, आणि आसपासच्या मुलांच्या हातात रॅकेट दिली. म्हणजे गावातली पोरं हा खेळ खेळू शकतात का, हा प्रश्नच उरत नाही.

आणि मुंबईचा महेश माणगावकर. २०१४ ला इंचॉनच्या एशियाडमध्ये सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. २०२३ ला हांगझोऊच्या सुवर्णविजेत्या संघातही होता. ३० सप्टेंबरला पाकिस्तानविरुद्धच्या त्या अंतिम लढतीत महेशचा सामना गेला, सौरव घोषालने बरोबरी साधली आणि अभय सिंगने पाच गेमची झुंज देऊन सुवर्ण आणलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्क्वॉश घेतला. हा निर्णय झाला कुठे? मुंबईत, बीकेसीत. इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर.

आता माझं म्हणणं. बारी काय, हाशिम काय, हे खेळाडू झाले कारण कोर्टाच्या आत त्यांना काम होतं. पगार होता आणि रोज खेळायला मिळत होतं. नुसतं कोर्ट बांधून खेळाडू होत नाही. माझ्या पाहण्यात एक सोसायटी आहे, तिच्या कोर्टात मोडक्या खुर्च्या भरून ठेवल्यात. शिकवणारा नाही म्हणून खेळणारा नाही, आणि खेळणारा नाही म्हणून शिकवणारा ठेवत नाहीत.

आपल्या तालुक्याने हायवेला जमीन दिली, सिडकोला दिली. त्या बदल्यात पाऊण गुंठा मागणं जास्त नाही. ग्रामपंचायत असो, महानगरपालिका असो की सिडको, पुढचं क्रीडासंकुल आखताना त्यात एक सार्वजनिक स्क्वॉश कोर्ट धरा, आणि त्याच ठरावात पगारी प्रशिक्षकाचं पद मंजूर करा. ते पद भरताना इथल्याच एखाद्या पोराला किंवा पोरीला तयार करून घ्या. ज्या सोसायट्यांची कोर्टं दुपारी रिकामी असतात, त्यांनी आठवड्यातले दोन दिवस गावच्या शाळेतल्या मुलांना द्यावेत.

पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. ज्यांना पटतंय त्यांनी सही करायला या. ज्यांना पटत नाही त्यांनी खाली बिनधास्त लिहा, आपण बोलू.